गोधडीचं मूळ मुंढ्याच्या गोलाईत

शर्ट किंवा पोलकं बेतताना शिंपी मुंढ्यापाशी कात्री वळवतो. बाही खांद्याला जिथे जोडायची तिथे कापडाला गोलाई द्यावी लागते, आणि त्या वळणातून चंद्रकोरीच्या आकाराचा एक तुकडा खाली पडतो. गळ्याच्या घेरातून दुसरा पडतो, बाहीच्या दोन्ही कडांना तिरके पाचरीसारखे आणखी निघतात. हे तुकडे त्या कपड्यात पुन्हा कुठेच बसत नाहीत. हीच कातरण. रंगीबेरंगी तुकडे जोडलेली जी गोधडी आपण हजारो वर्षांची परंपरा म्हणून दाखवतो, ती या कातरणीतून जन्मली असं माझं म्हणणं आहे, आणि तिचं वय फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांचं असावं. गोधडी त्याआधीही होती, नि:संशय होती. पण ती तुकड्यांची नव्हती, सबंध लुगड्यांची आणि धोतरांची होती. या दोन गोधड्यांना एकच नाव असल्यामुळे आपण त्यांना एकाच कुळातल्या मानतो आणि धाकटीला थोरलीचं वय चिकटवतो.

थोरली गोधडी नीट समजून घ्यायची तर वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हिंगणी घ्या. बोर धरणाच्या वाटेवरचं, कापसाच्या मुलखातलं गाव. वावरात पऱ्हाटी, दिवाळीच्या सुमारास घरात वेचणीचा कापूस, आणि अंगावर घ्यायच्या गोधडीत मात्र बोंडभरही कापूस नाही. गोधडीत असतात जुनी लुगडी, धोतरं, चादरी, एकावर एक अंथरलेली आणि धावदोऱ्याने शिवलेली. कापूस भरतात तो गादीत आणि रजईत, आणि ते काम पिंजाऱ्याचं. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात कापसाविना पांघरूण, हे पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं. पण हिशेब सरळ आहे. वेचलेल्या कापसाला बाजारात भाव होता, त्यावर सावकाराचा डोळा होता, शेतसारा त्यातून भरायचा होता. विटलेल्या लुगड्याला कोणी विचारत नव्हतं. शिवाय कापूस भरलेली रजई नदीवर आपटून धुता येत नाही, कापूस गोळा होतो. दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं धुणं काढायचं तर थरांची गोधडीच हवी. म्हणजे गोधडी मुळात विकता न येणाऱ्या कापडाची वस्तू आहे. आता प्रश्न असा, की विकता न येणारं कापड कोणकोणत्या प्रकारचं होतं? इथेच सगळी मेख आहे.

रेल्वे आणि गिरण्यांच्या आधीच्या काळात आपल्या गावातल्या माणसाच्या अंगावर शिवलेलं फार थोडं असे. पुरुषाचं धोतर, उपरणं, पागोटं. बाईचं नऊवारी लुगडं. मागावरून उतरलं तसं नेसायचं. ज्या कपड्याला कात्री लागत नाही त्यातून कातरण कुठून निघणार? लुगडं विटतं तेव्हा ते आठ मीटर लांबीचं सलग विटतं. फार झालं तर आधी मधे फाटतं आणि त्याचे दोन मोठे तुकडे होतात. अशा कापडाची गोधडी केली की वरचा थर सबंधच येतो आणि काठपदर आपोआप कडेला येतो. छोट्या तुकड्यांची नक्षी करायला तुकडेच नाहीत.

यावर पहिला आक्षेप कोणीही घेईल: शिंपी तर महाराष्ट्रात शतकानुशतकं आहेत. 1270 साली जन्मलेले संत नामदेव शिंपी होते. मग त्यांच्या दुकानात कातरण पडत नव्हती का? पडत असेल, पण फार थोडी, आणि त्याचं कारण जुन्या बेतण्याच्या पद्धतीत आहे. जुनी बंडी, पैरण, अंगरखा ही सगळी सरळ रेघांची कापाकापी. अंगाचा भाग चौकोनी, बाही चौकोनी, आणि घेर हवा असेल तर कळ्या. कळीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. कापडाची लांब पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी कापली की दोन कळ्या मिळतात. एक उजव्या बाजूला लावायची, दुसरी उलटी करून डाव्या बाजूला. उरत काहीच नाही. कॅनडातल्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमच्या डोरोथी बर्नहॅम यांनी 1973 साली जगभरच्या जुन्या कपड्यांचे नमुने उलगडून हेच दाखवून दिलं, की कपड्याचा आकार मागाच्या पन्ह्यावर ठरत असे आणि कापड वाया न जाऊ देणं हाच बेतण्याचा पहिला नियम होता. आपला नामदेव शिंपी समाज त्याच नियमाने काम करत होता.

चोळीचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण बायकांच्या अंगावरचं तेवढंच एक शिवलेलं वस्त्र. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे खण महाराष्ट्रभर चोळीसाठी येत. त्रिकोणी घडी घालून विकत. एक खण म्हणजे एक चोळी, कापड मोजूनमापून तेवढंच. चोळी बेतणारा शिंपी खणाचा काठ बाहीच्या टोकाशी येईल असं कापड फिरवतो, पाठ एका सरळ तुकड्यात काढतो, आणि बाही कापताना उरलेला बारका तुकडा फेकत नाही. तो काखेखाली बसवतो, म्हणजे हात वर करताना चोळी ताणत नाही. उरलेली जागा कपड्याच्या कामी लावायची ही युक्ती इतकी पक्की होती, की चोळीतून गोधडीला द्यायला जवळजवळ काही राहत नसे. मग चोळी मागे पडून पोलकं आणि झंपर आलं. बसवलेली बाही, गोल गळा, पुढे काजं-बटणं. पुरुषांच्या अंगावर कॉलरचा शर्ट आणि कोट आला, मुलींना फ्रॉक आला. सगळ्यांत मुंढ्याची गोलाई. जे कापड शेकडो वर्षं सरळ रेघेत कापलं जात होतं ते वळणात कापलं जाऊ लागलं, आणि शिंप्याच्या पायाशी पहिल्यांदा ढीग साचू लागला.

हा ढीग गावोगाव पोचवला शिवणयंत्राने. सिंगरचं पेटंट 1851 चं, आणि 1870 च्या दशकात ही यंत्रं मुंबईत विकली जाऊ लागली. तोच काळ आपल्याकडे गिरण्यांचा: नागपूरची एम्प्रेस मिल 1877 च्या 1 जानेवारीला सुरू झाली, पाठोपाठ 1881 च्या सुमारास हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंदांची गिरणी उभी राहिली. त्याआधी 1867 मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली होती. गिरणीचं छापील, रंगीत कापड आणि ते भराभर शिवणारं यंत्र बाजाराच्या गावी एकाच ओट्यावर आलं. आणि या कथेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा दुवा वर्धा जिल्ह्याच्या मातीतच आहे. 1909 च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 साली 'यंग इंडिया'त आलेल्या एका संभाषणात एका यंत्राला आवर्जून सूट दिली, आणि ते यंत्र सिंगरचं होतं. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवलं, ही प्रचलित गोष्टही त्यांनी कौतुकाने सांगितली. पुढे 1936 मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. त्यांच्या स्वतःच्या अंगावर न शिवलेलं वस्त्र, म्हणजे कातरण शून्य. पण चरख्याच्या राजधानीत शिवणयंत्राला मनाई नव्हती. गिरणीला नकार देणाऱ्या गांधीजींच्या जिल्ह्यातही शिंपी यंत्रावर बसू शकला, ही गोष्ट तुकड्यांच्या गोधडीसाठी फार महत्त्वाची ठरली असं मी मानतो.

आता प्रतिस्पर्धी मतं. सगळ्यात वजनदार मत असं, की तुकड्यांची परंपरा थेट कंथेपासून, बौद्ध चीवरापासून चालत आली. महावग्ग या बौद्ध ग्रंथात कथा आहे: मगधातली बांधाबांधांनी विभागलेली शेतं पाहून बुद्धांनी आनंदाला तशा रचनेचं चीवर करायला सांगितलं. तुकडे जोडलेलं वस्त्र याहून जुनं आणि याहून थोर कुठे मिळेल? पण तिथला हेतू पाहा. भिक्षूचं कापड मुद्दाम कापलं जाई, त्याची किंमत उरू नये म्हणून. आणि ते शेताच्या वाफ्यांसारखं सरळ पट्ट्यांत कापलं जाई. उरलेलं वाया जाऊ नये या विचाराचा तिथे संबंध नाही. नाथजोग्यांच्या कंथेची जात पुन्हा वेगळी. ती चिंध्यांची, वैराग्याची खूण. आपल्या विदर्भातले गाडगेबाबा, जन्म 1876, अंगावरच्या चिंध्यांमुळे गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणून ओळखले जात. माझ्या विरोधकांना हा पुरावा हुकमी वाटेल: 1905 मध्ये घर सोडलेल्या माणसाला लोक गोधडे महाराज म्हणतात, म्हणजे गोधडी आणि तुकडे यांचं नातं तेव्हाच जुनं होतं. नातं होतं, मान्य. पण ते ठिगळाचं नातं आहे. ठिगळ भोकावर बसतं. गोधडी झिजली, आतला थर दिसू लागला, की तिथे ठिगळ लावतात, ते जिथे गरज तिथे आणि मिळेल त्या कापडाचं. कातरणीची गोधडी म्हणजे भोक नसताना लावलेली ठिगळं, पहिल्या दिवसापासून, कोऱ्या कापडाची. ठिगळाची नजर तयार होती म्हणून कातरण आली तेव्हा ती कुठे वापरायची हे बायकांना लगेच सुचलं. एवढं श्रेय मी जुन्या ठिगळाला आनंदाने देतो.

दुसरं मत मिशनऱ्यांचं. अमेरिकन मिशनचे लोक 1813 पासून मुंबईत होते, पुढे अहमदनगरला त्यांच्या मुलींच्या शाळा निघाल्या. अमेरिकेत तुकड्यांच्या दुलया घरोघर. तेव्हा ही कला त्यांनीच शिकवली असणार, असा हा तर्क. तो सुई हातात घेतली की टिकत नाही. अमेरिकन पद्धतीत आधी तुकडे एकमेकांना शिवून वरचा पृष्ठभाग पूर्ण करतात, मग मधे कापूस घालून तिन्ही थर टाचतात. आपली बाई तुकडे एकमेकांना शिवतच नाही. जुन्या लुगड्याचे थर जमिनीवर ताणून अंथरायचे, कडेपासून सुरुवात करायची, तुकड्याची कड नखाने आत दुमडायची आणि अंगठ्याने दाबून धावदोरा थेट सगळ्या थरांतून न्यायचा. पुढचा तुकडा आधीच्या तुकड्याची उघडी कड झाकतो. असं फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. तुकडा बसवणं आणि गोधडी शिवणं हे एकच काम आहे. म्हणजे ही लुगड्याच्या थोरल्या गोधडीचीच शिवण आहे, तिच्यावर फक्त कातरण चढली.

अगदी हीच रीत उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या गोधडीत, कवंदीत, दिसते. कडेकडून आत, तुकड्यावर तुकडा, आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं. यावरून कोणी म्हणेल की तुकड्यांची रीत सिद्दींची, आणि सिद्दींपैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या गोव्यातून आलेले, तेव्हा ती माझ्या सव्वाशे वर्षांहून जुनी. मला हा आक्षेप माझ्याच बाजूचा साक्षीदार वाटतो. गोव्यात बसवलेल्या बाह्यांचा, गोलाईचा युरोपीय पोशाख सोळाव्या शतकातच आला. जिथे वळणाची कात्री आधी पोचली तिथे तुकड्यांची गोधडी आधी झाली. विदर्भात ती कात्री यंत्राबरोबर आली, म्हणून इथे उशीर झाला.

पुराव्याची खरी अडचण अशी, की गोधडी मरताना स्वतःचा माग पुसते. झिजलेली गोधडी फेकत नाहीत. ती नव्या गोधडीच्या पोटात जाते, शेवटी पायपुसणं होते. त्यामुळे शंभर वर्षांची अख्खी गोधडी मिळणं कठीण, पण शंभर वर्षांचं कापड आतल्या थरात मिळणं शक्य आहे. माझं म्हणणं खरं असेल तर जुनी गोधडी उसवताना आत सलग लुगडी लागतील आणि वर कातरण. मधल्या एखाद्या थरात 1943 नंतरच्या, कापडावरच्या नियंत्रणाच्या काळातलं जाडंभरडं कापड, आणि सर्वांत वर टेरिकॉट, ज्याच्या कडा दुमडत नाहीत आणि ज्यातून सुई घसरते. आतल्या जुन्या थरातही गोलाईची कातरण सापडली, तर माझा दावा मोडला. तेव्हा हिंगणीत असो वा इतरत्र, घरातली जुनी गोधडी भंगारवाल्याला किंवा बोहारणीला देण्याआधी एक कोपरा उसवा, थर मोजा, कोणतं कापड कोणाचं आणि कधीचं ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून कागदावर लिहा, आणि तो कागद गोधडीला टाचून ठेवा. वर्ध्यात 1938 पासून ग्रामोद्योगांना वाहिलेलं मगन संग्रहालय आहे. अशा दहा-वीस उसवलेल्या, लिहून ठेवलेल्या गोधड्या त्याच्याकडे गेल्या, तर या वादाचा निकाल त्याच लावतील.