मुलाने मुलास शिकविणे : एका जुन्या रीतीचा प्रवास

वाचकहो, नववीचा वर्ग आपण कधी मागच्या दाराने पाहिला आहे काय? पुढून आत येणाऱ्या शिक्षकास पहिल्या दोन बाकांवरचे विद्यार्थी दिसतात. वही उघडलेली, नजर फळ्यावर. मागून पाहिले म्हणजे कळते की साठांपैकी निम्म्याहून अधिक मुले केवळ घंटेची वाट पाहत आहेत. ती उनाड नाहीत. आपल्याला कोणी काही विचारील याची आशा त्यांनी सोडलेली आहे, एवढेच.

बी. एड्. च्या वर्षी आम्ही हर्बार्टची पंचपदी घोकली. पाठाचे टाचण काढले, सरावपाठ दिले, गुण मिळविले. कोपरसारख्या ठिकाणी नोकरीस लागल्यावर मात्र पहिल्याच वर्षी माझ्या हातून जे घडले ते येथे सांगणे भाग आहे, कारण पुढील सारी शोधाशोध त्यातून सुरू झाली.

पाठ होता रेल्वेच्या आगमनाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी धावली आणि पुढल्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, ती कल्याणास पोहोचली. म्हणजे आमच्या मुलांच्या दारावरूनच! कोपरला तर मुंबई-कल्याणचा मार्ग खालून आणि वसई रोड-दिवा मार्ग वरून जातो. मी विचारले, "खाडीकाठच्या या दलदलीत रूळ टाकताना काय अडचण आली असेल?" शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील रुळांच्या देखभालीवर काम करीत. खडी का टाकतात, पावसाळ्यापूर्वी ती पुन्हा का भरावी लागते, भराव कोठे खचतो, हे तो घरच्या बोलीत, निम्मे हिंदी आणि निम्मे आगरी वळणाचे, भराभर सांगू लागला. मी मध्येच म्हणालो, "अरे, नीट शुद्ध बोल!" वर्ग हसला. मुलगा खाली बसला, तो मार्चपर्यंत पुन्हा उठला नाही.

दोष सर्वस्वी माझा होता. त्या मुलाजवळ मला ठाऊक नसलेले ज्ञान होते आणि मी त्याचे व्याकरण तपासत बसलो. पुढे शिक्षणाचा इतिहास वाचताना ध्यानी आले की मुलास मुलाकरवी बोलते करण्याची रीत आपल्याच ओसरीवरची होती. ती साता समुद्रापार जाऊन परत आली, पण परतताना तिच्यातील प्राण हरपला होता.

आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत सारे वयोगट एकत्र बसत. धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, मग बोरू हाती यायचा. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मोठा मुलगा म्हणे व लहान मुले त्याच्यामागून म्हणत. मकतबातही असा एक जाणता विद्यार्थी असे. त्यास खलीफा म्हणत. मोठ्या मदरशांत उस्तादांचा पाठ इतरांस पुन्हा समजावून देणाऱ्यास मुईद ही पदवीच होती. या शाळांची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. तेथे छडी होती, घोकंपट्टी होती, आणि कित्येक जातींच्या मुलांस व बहुतेक मुलींस तेथे जागाच नव्हती. पण एक गोष्ट खरी की शिकलेले दुसऱ्याला सांगितल्यावाचून तेथे मुलाची सुटका नसे.

सन १७८९ मध्ये मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम निघाला. त्याचे प्रमुख होते अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री. घोड्यावरून फेरफटका मारताना त्यांना एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना दिसली. ही युक्ती आपल्या शाळेत आणावी असे त्यांच्या मनाने घेतले. हाताखालचा शिक्षक मात्र राजी होईना. तेव्हा बेलसाहेबांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलास, एका साध्या शिपायाच्या पोरास, लहानांना शिकविण्यास बसविले. त्या पोराने ते काम चोख केले. हळूहळू साऱ्या शाळेत मुलेच मुलांना शिकवू लागली. सन १७९७ मध्ये बेल यांनी लंडनला या प्रयोगावर पुस्तक छापले आणि या रीतीस 'मद्रास पद्धत' असे नाव पडले. मला या कथेत बेलपेक्षा तो आठ वर्षांचा मुलगा अधिक मोठा वाटतो. पण पद्धतीला नाव शहराचे पडते, मुलाचे नाही.

इकडे लंडनमध्येच १७९८ साली जोसेफ लँकेस्टर यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि एका शिक्षकावर शेकडो मुले चालवून दाखविली. त्यांच्या हाती या रीतीची जणू गिरणी झाली. दर दहा मुलांमागे एक मॉनिटर, हुकूम सुटताच पाट्या वर, हुकूम सुटताच पाट्या खाली. मॉनिटरने ठरलेला धडा ठरलेल्या शब्दांत म्हणवून घ्यायचा. समजावून सांगण्याची मुभा ना त्याला, विचारण्याची मुभा ना इतरांना. खर्च फार थोडा, म्हणून सरकारे व संस्था या पद्धतीवर खूष.

मुंबईत १८२२ च्या सुमारास देशी मुलांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. तिच्या समितीने १८२३ मध्ये चार गाऱ्हाणी मांडली : पुस्तके नाहीत, पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत, पैसा नाही. (चारही आजच्या शिक्षकास ओळखीची वाटतील!) पुस्तकांच्या बाबतीत तिचे काम अभिमानास्पद आहे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी पंडितांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली, सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ साली निघाले. परंतु पद्धत म्हणून निवडली ती लँकेस्टरची. म्हणजे आपल्या ओसरीवरून निघालेली रीत विलायती शिक्का घेऊन आपल्याच दारी परतली. आणि तीही म्हणवून घेण्याची, सांगण्याची नव्हे.

त्यानंतर आली तपासणी. इंग्लंडात १८६२ साली परीक्षेतील निकालावर अनुदान देण्याचा नियम झाला. आपल्या इलाख्यात शिक्षण खात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या कारकिर्दीत तोच प्रकार रूढ झाला. साहेबाने मुलास प्रश्न विचारायचा, उत्तर आले तर शाळेला पैसे. अशा दिवशी कोणता शिक्षक मुलाला स्वतःच्या शब्दांत बोलू देईल? सन १९०४ च्या ठरावाने सरकारने ही चाल सोडली. पण आमच्या शिक्षकांच्या खोलीतील बोलणे ऐकले तर ती गेली असे कोणी म्हणणार नाही.

याच काळात, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यातील एक मागणी मला वारंवार आठवते. प्राथमिक शिक्षक असा असावा की ज्याला प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही आणि जो खालच्या थरांतील लोकांत सहज मिसळेल, असे त्यांचे म्हणणे होते. शिकविण्याची युक्ती त्यांनी सांगितली नाही; शिकविणारा कसा हवा ते सांगितले. खडीची माहिती देणाऱ्या मुलास गप्प करणारा शिक्षक त्या कसोटीस उतरत नाही.

वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. हस्तव्यवसायातून गणित, भूगोल, भाषा शिकवावी ही कल्पना थोर होती. पुष्कळ शाळांत टकळी फिरत राहिली आणि गणित पुस्तकातच राहिले, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्या राज्यात या प्रश्नाच्या मुळाशी हात घातला तो, माझ्या मते, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली ते स्थापन झाले. पहिले संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत त्यांनी काम केले. मुलांना विज्ञान कठीण जाते की विज्ञानाची भाषा कठीण जाते, असा त्यांचा प्रश्न होता. आशय तोच ठेवून धड्यांची भाषा सोपी केली, मुलांना बोलण्याची संधी दिली, तेव्हा विज्ञानही सुधारले व भाषाही. महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ऐंशीच्या दशकात त्यांनी जो उपक्रम चालविला, त्यातून दिसले की ज्यांना आपण मंद समजतो ती मुले संधीअभावी मागे पडलेली असतात. विचार करा, वाचकहो : कोपरच्या एका वर्गात आगरी, कोकणी मुसलमानी, खानदेशी, उर्दू, भोजपुरी अशा पाच बोली घरून येतात आणि पाठ्यपुस्तक सहावीत बोलते.

मी आता काय करतो ते थोडक्यात सांगतो. धडा प्रथम मी सांगत नाही. चार-चार मुलांचे गट, त्यात एक तरी मागच्या बाकावरचा. प्रत्येक गटाला धड्याचा एकच तुकडा. तो वाचून दुसऱ्या गटाला समजावून द्यायचा, पुस्तक मिटून, हव्या त्या बोलीत. ऐकणाऱ्या गटाने एक तरी प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या वेळी मी कोणाची भाषा सुधारीत नाही. शेवटची दहा मिनिटे तेच प्रमाण मराठीत फळ्यावर लिहून घेतो, कारण बोर्डाचा पेपर घरच्या बोलीत लिहिता येत नाही. इतिहासात हे चांगले जमते, नागरिकशास्त्रात बरे, भूगोलाच्या नकाशांत अजून नीट जमलेले नाही. हुशार मुलांचे पालक तक्रार करतात की आमच्या मुलाने दुसऱ्यांना का शिकवावे; त्यांना मी वर्गात बसवून एक तास दाखवितो. कित्येकांचे समाधान होते, सर्वांचे होत नाही.

गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातील सहकाऱ्यांनी दोनदा दार ठोठावले आहे. अभ्यासक्रमही दिवाळीपर्यंत दोन धडे मागे पडतो. ते दोन धडे मी डिसेंबरातल्या शनिवारी शाळा सुटल्यावर घेतो. थांबण्याची सक्ती नसते. गेल्या डिसेंबरात अशा एका शनिवारी एकोणीस मुले थांबली होती, त्यांतली अकरा मागच्या बाकांवरची.