सुपर स्मॅश ब्रदर्स

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या निरनिराळ्या खेळांतील लोकप्रिय पात्रांना एकाच आखाड्यात आणून त्यांची झुंज लावणारा व्हिडिओ खेळ. हॅल लॅबोरेटरी या संस्थेने निन्टेंडोसाठी तो तयार केला व २१ जानेवारी १९९९ रोजी निन्टेंडो ६४ या गृहसंचासाठी तो जपानमध्ये विक्रीस आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो उत्तर अमेरिकेत व नोव्हेंबरमध्ये यूरोपात प्रसिद्ध झाला. मासाहिरो साकुराई (१९७०– ) हा त्याचा रचनाकार व सातोरू इवाता (१९५९–२०१५) हा त्याचा आज्ञावलीकार होय. पुढे या खेळाची एक मोठी मालिकाच झाली आणि तिच्यातील २०१८ सालच्या खेळाने झुंजीच्या खेळांमध्ये खपाचा उच्चांक गाठला.

वेगवेगळ्या कथाविश्वांतील पात्रे एकत्र आणण्याची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एसएनके या कंपनीने द किंग ऑफ फायटर्स ’९४ (१९९४) मध्ये आपल्याच निरनिराळ्या मालिकांतील योद्धे एकमेकांसमोर उभे केले होते आणि कॅपकॉमने एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर (१९९६) मध्ये अमेरिकन चित्रकथांतील पात्रांशी आपल्या पात्रांची गाठ घालून दिली होती. हे खेळ प्रामुख्याने नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठी होते. त्यांतील प्रत्येक डावपेचासाठी दांडी व कळा यांच्या हालचालींचा विशिष्ट क्रम पाठ करावा लागे आणि तो हातात बसलेल्या खेळाडूपुढे नवशिक्याचा निभाव लागणे कठीण असे. द किंग ऑफ फायटर्स ’९५ खेळत असताना साकुराईने एका जोडप्याला सहज हरविले. ती दोघे अगदीच नवखी होती हे त्याच्या मागाहून ध्यानात आले. आपण त्यांच्या करमणुकीवर पाणी पाडले, ही चुटपुट त्याला लागून राहिली. नवख्यालाही हसतखेळत भाग घेता येईल असा झुंजीचा खेळ करण्यामागे हा अनुभव होता, असे त्याने पुढे सांगितले आहे.

कर्बी या गुबगुबीत पात्राचा जनक म्हणून साकुराईचे नाव १९९२ पासून परिचित होते. इवाता १९९३ मध्ये हॅलचा अध्यक्ष झाला, तेव्हा ही संस्था आर्थिक अडचणीत होती. तिला सावरीत असतानाही त्याने आज्ञावली लिहिण्याचे काम सोडले नाही. या खेळाचा पहिला नमुना या दोघांनी ध्वनीचे काम पाहणाऱ्या एका सहकाऱ्याच्या साहाय्याने तयार केला. आराखडा, आकृत्या व त्यांच्या हालचाली साकुराईने केल्या. आज्ञावली इवाताने लिहिली आणि तीही बव्हंशी शनिवार-रविवारी, अध्यक्षपदाच्या कामातून उरलेल्या वेळात. हॅलचे कार्यालय यामानाशी प्रांतातील र्‍युओ या गावी होते. त्यावरून नमुन्याला ‘र्‍युओ’ म्हणजे नागराज असे नाव देण्यात आले, आणि त्या परिसराचेच छायाचित्र पार्श्वभूमी म्हणून वापरण्यात आले. नमुन्यातील लढवय्यांना चेहरेदेखील नव्हते.

नाणेयंत्रावरील खेळात अनेक अपरिचित योद्धे असले तरी चालते, कारण प्रेक्षक व खेळाडू यांची त्यांच्याशी हळूहळू ओळख होत जाते. घरी विकत आणलेल्या खेळात मात्र पहिल्याच दर्शनात मन वेधून घेईल असा नायक हवा असतो. या विचाराने साकुराईने मारिओ, डाँकी काँग, सॅमस व फॉक्स ही निन्टेंडोची चार पात्रे परवानगी न घेताच नमुन्यात घातली आणि खेळ पुरेसा रंगू लागल्यावरच तो निन्टेंडोपुढे ठेवला. मारिओने पिकाचूला ठोसे लगवावेत ही कल्पना पचनी पडण्यासारखी नव्हती व प्रारंभी तिला विरोधही झाला. खेळाच्या प्रारंभीचे दृश्य या दृष्टीने मार्मिक आहे. हातमोजा घातलेला एक हात खेळण्यांच्या पेटीतून बाहुल्या काढतो, टेबलावरील वस्तू मांडून आखाडा उभारतो आणि मग त्या बाहुल्या सजीव होतात. म्हणजे झुंजतात ती खरी पात्रे नव्हेत, तर मुलाच्या हातातील खेळणी. अखेरच्या लढतीत प्रतिस्पर्धी म्हणून समोर येतो तोही हाच हात. पात्रांची प्रतिष्ठा राखण्याची ही युक्ती आक्षेपांना दिलेल्या कोणत्याही उत्तराहून अधिक प्रभावी ठरली.

खेळाचे नियम रूढ पद्धतीपेक्षा निराळे आहेत. अन्य खेळांत प्रत्येक योद्ध्याची जीवनशक्ती एका पट्टीने दाखवितात व ती संपली की तो हरतो. येथे मार बसेल तसा टक्क्यांचा आकडा वाढत जातो. हा आकडा जितका मोठा, तितका लढवय्या पुढच्या तडाख्याने दूर फेकला जातो. पडद्याच्या सीमेबाहेर गेला की तो बाद होतो. त्यामुळे शंभरावर टक्के झालेला खेळाडूही कडेवरून उडी मारून परत येऊ शकतो आणि डावाचा निकाल शेवटपर्यंत अनिश्चित राहतो. सर्व पात्रांचे डावपेच एक कळ व दांडीची एक दिशा एवढ्यावरच चालतात. निन्टेंडो ६४ ला चार नियंत्रक जोडण्याची सोय मुळातच होती. तिचा लाभ घेऊन चौघांना एकाच वेळी झुंजता येईल अशी रचना करण्यात आली. एकूण १२ पात्रांपैकी ८ आरंभापासून उपलब्ध असत व उरलेली ४ खेळाडूला मिळवावी लागत.

खेळाचा खर्च बेताचा होता आणि तो केवळ जपानपुरताच काढावा असा प्रथम विचार होता. जाहिरातही फारशी करण्यात आली नाही. तथापि खेळणाऱ्यांच्या तोंडूनच त्याची कीर्ती पसरली व जगभरात त्याच्या ५५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेतील जाहिरातीत हातात हात घालून कुरणातून बागडत जाणारी पात्रे एकाएकी हाणामारीवर येतात असे दाखविले होते. समीक्षकांनी चौघांनी मिळून खेळण्यातील मौजेची वाखाणणी केली. एकट्याने खेळावयाचा भाग मात्र तोकडा आहे, अशी तक्रार अनेकांनी केली आणि ती रास्त होती.

त्यानंतरचा मेले (२००१) हा खेळ गेमक्यूब या संचासाठी निघाला. साकुराई व त्याच्या सहकाऱ्यांनी तो सुमारे १३ महिन्यांत, सुट्टी जवळजवळ न घेता पूर्ण केला. काम अडले तेव्हा निन्टेंडोत गेलेला इवाता पुन्हा हॅलमध्ये येऊन दोषदुरुस्तीस बसला. त्याच्या हातचे हे अखेरचे आज्ञावली-काम समजले जाते. मेलेच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. परंतु त्याच्या वेगामुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली. हवेतून तिरके जमिनीवर टेकून घसरत जाण्यासारख्या हिकमती खेळाडूंनी हस्तगत केल्या, त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या आणि नवख्यांसाठी जन्मलेला खेळ निष्णातांचा झाला. मेले नवशिक्यांना फार अवघड झाला, असे खुद्द साकुराईनेही नंतर म्हटले. पुढील ब्रॉल (२००८) या खेळाची गती त्याने कमी केली. एवढेच नव्हे, तर धावताना पात्र मधूनच अडखळून पडावे अशी योजना केली. यात बाहेरील कंपन्यांचे स्नेक व सॉनिक हे नायकही प्रथमच आले. ब्रॉलचा खप १ कोटी ३० लाखांवर गेला, पण स्पर्धक मात्र मेलेलाच चिकटून राहिले, आणि काहींनी तर ब्रॉलमध्ये फेरफार करून प्रोजेक्ट एम (२०११) नावाची स्वतःची आवृत्ती काढली.

निन्टेंडोशी या खेळाडूंचे संबंध कधीच सरळ नव्हते. २०१३ मध्ये ईव्हो या अमेरिकेतील मोठ्या स्पर्धेत कोणता खेळ घ्यावा हे ठरविण्यासाठी स्तनकर्करोगाच्या संशोधनास देणग्या देण्याचे आवाहन करण्यात आले, तेव्हा मेलेच्या चाहत्यांनी ९४,००० डॉलरहून अधिक रक्कम जमविली व ते पहिले आले. त्यानंतर निन्टेंडोने त्या सामन्यांचे प्रक्षेपण रोखले आणि लोकांचा रोष पाहून काही तासांतच परवानगी दिली. २०२० मध्ये महामारीमुळे समोरासमोरचे सामने बंद पडले. खेळाडूंनी स्लिपी ही आज्ञावली वापरून आंतरजालावरून मेलेचे सामने घेण्याचे ठरविले, तेव्हा निन्टेंडोच्या नोटिशीमुळे द बिग हाऊस ही स्पर्धा रद्द करावी लागली. त्यासाठी खेळाची बेकायदा प्रत लागते, असे कंपनीचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने ते बिनचूक असेल. परंतु वीस वर्षे जुना व दुकानात नवा न मिळणारा खेळ ज्यांनी जिवंत ठेवला, त्यांना ते पटणे कठीणच होते.

इवाताचे ११ जुलै २०१५ रोजी निधन झाले. डिसेंबर २०१८ मध्ये स्विच संचासाठी आलेल्या अल्टिमेटमध्ये आधीच्या सर्व खेळांतील यच्चयावत पात्रे परत आणण्यात आली. पुढील भर धरून त्यांची संख्या ८९ झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये शेवटचे पात्र दाखल झाले. या खेळाच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या. २०२३ च्या अखेरीस निन्टेंडोने आपल्या खेळांच्या हौशी स्पर्धांसाठी नियम जाहीर केले. त्यांनुसार समोरासमोरच्या स्पर्धेत २०० व आंतरजालावरील स्पर्धेत ३०० पर्यंतच खेळाडू विनापरवाना घेता येतात. मेलेचे स्पर्धक अद्यापही जुन्या काचनळीचे दूरचित्रवाणी संच स्पर्धास्थळी वाहून नेतात, कारण नव्या पडद्यांवर चित्र उमटण्यास लागणारा क्षणांशाचा विलंबदेखील त्यांच्या हाताला जाणवतो.