गंधविद्या आणि घर

सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ हें गांव नकाशावर पाहिलें असतां त्याच्या तिन्ही अंगांस गंधविद्येचीं तीन स्थळें दिसतात : पूर्वेस चालुक्यांची राजधानी कल्याणी, दक्षिणेस आदिलशाहीचें विजापूर आणि पश्चिमेस बुक्क्याचें पंढरपूर. पहिल्या दोन ठिकाणीं या विद्येवर राजाश्रयानें लेखन झालें. तिसऱ्या ठिकाणीं ती बाजारांत व देवळाच्या वाटेवर टिकली. अलीकडे सुशिक्षितांच्या घरीं वनस्पतींच्या सुगंधी तेलांच्या इवल्याशा बाटल्या व तीं तेलें हवेंत सोडणारीं विजेचीं पात्रें दिसूं लागलीं आहेत, आणि हा पश्चिमेकडून आलेला नवा षोक आहे असें सर्रास समजलें जातें. ही समजूत कितपत खरी आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कल्याणीचा राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. त्याच्या तिसऱ्या विंशतींत राजाचे वीस उपभोग सांगितले आहेत. आरंभ गृहापासून होतो, आणि शेवटाकडे धूपाला स्वतंत्र प्रकरण दिलेलें आढळतें. धूपाचीं चूर्ण, पिंड व वर्ति अशीं तीन रूपें तेथें येतात; आजची उदबत्ती ही वर्तीच्याच जातीची होय. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, हा प्रसिद्ध उल्लेखही याच ग्रंथांतला. कांडणारणींचें गाणें राजाच्या ग्रंथांत आलें. परंतु त्याच्या धूपाचीं द्रव्यें कुटणारे हात कोणाचे होते, हें त्यावरून कळत नाहीं.

विजापुरास दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या अमदानींत, म्हणजे १५८० ते १६२७ या काळांत, निजामुद्दीन महमूद यानें ‘इत्र-इ-नवरसशाही’ नांवाचा फारसी ग्रंथ रचिला. सुगंधी द्रव्यांच्या कृति हा त्याचा विषय. राज्य बदललें, भाषा बदलली, धर्म बदलला; पण घराला गंध असावा ही आवड बदलली नाहीं.

येथवर गोष्ट राजवाड्यांची झाली. ती सामान्य जनांपर्यंत आणून सोडणारा पुरावा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक (क्यूरेटर) कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ च्या सुमारास पुढें आणिला. गंगाधराचा ‘गंधसार’ व अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे दोन संस्कृत ग्रंथ त्यांनीं विद्वानांच्या नजरेस आणून दिले. त्यांपैकीं ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे, ही आमच्या दृष्टीनें अत्यंत मोलाची गोष्ट होय. टीका लोकभाषेंत लिहावी लागते ती वाचणारा संस्कृतज्ञ नसतो म्हणून. तेव्हां अत्तरें व धूप करणारे मराठी बोलणारे कारागीर होते, आणि त्यांना ग्रंथांतील विद्या हवी होती, असें अनुमान काढण्यास हरकत दिसत नाहीं.

या कारागिरांची परिभाषा किती बारीक होती, हें ‘गंधसारा’ंतील सहा संस्कारांवरून ध्यानांत येईल. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशीं त्यांचीं नांवें. पहिला संस्कार चूर्णाला सुगंधी रसाचीं पुटें देण्याचा, शेवटचा फुलांच्या सहवासानें वास उतरविण्याचा. फुलेल तेलाची घरगुती कृति या शेवटच्या संस्काराचीच : तीळ व मोगऱ्याचीं ताजीं फुलें यांचे एकावर एक थर द्यावयाचे, फुलें कोमेजलीं कीं बदलावयाचीं, आणि तिळांत वास पुरता मुरला म्हणजे ते घाण्यावर घालावयाचे. अत्तराची रीत याहून निराळी. फुलें व पाणी तांब्याच्या देगेंत तापवितात, आणि वाफ नळीनें चंदनतेलाच्या पात्रांत नेऊन निववितात. चंदनतेल सावकाश उडतें, म्हणून तें फुलांच्या चंचल गंधाला धरून ठेवतें. रसायनशास्त्रानें याचें कारण पुढें सांगितलें. कारागिराला तो गुण अनुभवानें ठाऊक होता.

परंतु नुसत्या गौरवानें इतिहास पुरा होत नाहीं. खानदेशांत नंदुरबार, पिंपळनेर या भागांत रोशा गवताचें तेल एकोणिसाव्या शतकांत मोठ्या प्रमाणावर काढीत. तें मुंबईहून तांबड्या समुद्राच्या मार्गें तुर्कस्थानांत जाई, तेथें गुलाबाच्या अत्तरांत भेसळीसाठीं वापरलें जाई, आणि युरोपच्या बाजारांत त्याला ‘तुर्की’ तेल म्हणत. गवत खानदेशचें, मेहनत खानदेशची आणि नांव तुर्कांचें ! ज्या देशानें सुगंधाचे सहा संस्कार नांवानिशीं सांगितले, तो कच्च्या मालाचा पुरवठादार होऊन बसला. आज बाटलीवरचें परकी नांव वाचून आपण तोच माल नवलाईनें घरीं आणतों, ही त्याच कथेची पुढली ओळ आहे.

दुसरी हानि धूपाच्या बाबतींत झाली. बाजारांतील पुष्कळशा उदबत्त्यांत आज कृत्रिम गंध असतात. आणि धूर, मग तो कितीही सुवासिक असो, बंद खोलींत फुप्फुसांना अपायकारकच. या ठिकाणीं जुन्या घरांतील बिनधुराचे उपाय आठवण्यासारखे आहेत : माठांत वाळ्याची जुडी, उन्हाळ्यांत दारावर वाळ्याचे ओले पडदे, कपड्यांच्या पेटींत दवणा. नवीं तेलें वापरणारानेंही यांपासून मात्रेचा धडा घ्यावा. गरम पाण्याच्या भांड्यांत दोनतीन थेंब पुष्कळ होतात, खिडकी उघडी असावी, आणि शुद्ध तेल अंगास तसेंच लावूं नये. वनस्पतींतून आलें एवढ्यानें कोणतीही वस्तु निरुपद्रवी ठरत नाहीं.

‘गंधसार’ व ‘गंधवाद’ १९८९ मध्यें बडोद्याच्या प्राच्य विद्यामंदिरानें छापून प्रसिद्ध केले. अर्थात् ग्रंथ मिळत नाहीं ही सबब आतां उरलेली नाहीं. उरलें आहे तें काम प्रयोगाचें. मराठी टीका वाचणारा पंडित, द्रव्यांची पारख करणारा रसायनशास्त्रज्ञ आणि पंढरपुरास बुक्का करणारा कारागीर असे तिघे एका ठिकाणीं बसले, तर त्यांतील कृति पुन्हां करून पाहतां येतील. त्यांतल्या किती टिकतील हें सांगणें अवघड आहे. परंतु त्या करून पाहिल्यावांचून आपली विद्या थोर होती असें म्हणत राहणें, हें फुलाचें नांव घेऊन वास येण्याची वाट पाहण्यासारखें आहे.