पोह्यातली मिरची आणि डबीतली मशेरी

"मशेरी बंद करा," असं सांगितलं की पेण-रोह्याकडच्या बऱ्याच आजींचं उत्तर ठरलेलं असतं: "अहो डॉक्टर, आमच्याकडे पूर्वीपासून लावतात!"

हे 'पूर्वीपासून' म्हणजे नेमकं कधीपासून? आज जरा इतिहासात जाऊन बघू. सुरुवात करू आपल्या पोह्यांपासून.

बशीत कोण कुठलं?

पेण आणि रोहा दोन्ही गावं पोह्यांसाठी प्रसिद्ध. भात इथला, हळद आणि कढीपत्ता आपले. पण हिरवी मिरची मूळची मेक्सिकोकडची, शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले आणि बटाटा अँडीज पर्वतातला. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचला, त्याआधी यातलं काहीच आपल्याकडे नव्हतं. तिखटासाठी मिरी, पिंपळी आणि आलं वापरत. 'मिरची' हे नावसुद्धा मिरीवरून पडलं. थंडीत शेतावर पोपटी लावतो, तिच्यात वालाच्या शेंगांबरोबर टाकलेला बटाटाही पाहुणाच.

कुंडलिकेच्या मुखाशी

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला. १५०० मध्ये भारताकडे निघालेला काब्राल वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. अशा रीतीने ब्राझील, लिस्बन आणि गोवा एकाच राज्याच्या जहाजांनी जोडले गेले.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंडा आणि कोर्लई आहेत. तिथल्या चौल बंदरात पोर्तुगीज १५२१ च्या सुमारास ठाण मांडून बसले, ते १७४० मध्ये मराठ्यांनी हे ठाणं घेईपर्यंत. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली बोलतात. आपल्या तोंडी मात्र बटाटा, काजू, अननस, पाव आणि साबण हे त्यांचे शब्द राहिले.

गंमत बघा. गामाच्या पहिल्या सफरीत निम्म्याहून अधिक माणसं दगावली, त्यातली बरीच स्कर्व्हीने, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने. पुढे त्याच पोर्तुगीजांच्या व्यापारातून मिरची आणि पेरू इथे रुजले. दोन्हींत 'क' जीवनसत्त्व भरपूर, पेरूत तर संत्र्याच्या चौपट.

देवाणघेवाणीची किंमत

पिकांबरोबर रोगही फिरले. युरोपातून गेलेल्या देवी आणि गोवराने अमेरिकेत हाहाकार उडाला. तिथल्या लोकांनी हे रोग कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती. युद्ध, उपासमार आणि साथी मिळून पुढच्या दीडशे वर्षांत मूळ रहिवाशांपैकी सुमारे ९० टक्के लोक गेले, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे. इकडून तिकडे गेलेल्या उसाच्या मळ्यांवर राबायला माणसं हवी होती. अशा कामांसाठी सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकी माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबलं गेलं.

आपल्याकडे आला तो उपदंश, म्हणजे सिफिलिस. तो मुळात अमेरिकेतूनच निघाला का, यावर अजून वाद आहे. पण सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याचं नाव 'फिरंग रोग' असं आहे. त्यावर तेव्हा पारा आणि चोपचिनी देत. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात चोपचिनीबद्दल लिहिलं आहे.

आणि तंबाखू

याच देवाणघेवाणीत तंबाखू आला. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग हा सरदार विजापूरहून अकबराच्या दरबारात तो घेऊन गेला. दरबारातल्या हकिमाने तेव्हाच नको म्हटलं होतं! पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखू ओढण्यावर बंदीचं फर्मान काढलं, पण सवय सुटली नाही. निकोटिनचं काम असंच असतं. ते मेंदूला काही क्षण बरं वाटायला लावतं आणि पुन्हा पुन्हा मागायला लावतं.

मशेरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच. म्हणजे आजींचं 'पूर्वीपासून' ताणून ताणून साडेचारशे वर्षांपलीकडे जात नाही.

मग काय करायचं?

सवय जुनी आहे एवढ्याने ती चांगली ठरत नाही, आणि परकी आहे म्हणून वाईटही ठरत नाही. मिरची, शेंगदाणे, पेरू आणि पपई आपण ठेवून घेतले, ते योग्यच केलं. पोह्यांत मूठभर शेंगदाणे जरूर घाला, त्यातून प्रथिनं मिळतात. वर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. मधुमेह असेल तर बटाटा वगळा आणि बशी लहान घ्या.

मशेरीला मात्र निरोप द्या. तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गरोदरपणी लावली तर बाळाचं वजन कमी भरू शकतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड नीट उघडत नसेल, तर लगेच दाखवा. सोडायला जड जात असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. त्यासाठी समुपदेशन आणि औषधं दोन्ही मिळतात.

पुढच्या वेळी आजी "पूर्वीपासून" म्हणाल्या, की त्यांना ही गोष्ट सांगा. आणि डबी तेवढी मागून घ्या.