नीळ : औषधी व केशरंजक उपयोग
(गुळी, सं. नीली, नीलिनी, लॅ. इंडिगोफेरा टिंक्टोरिया, कुल-लेग्युमिनोजी). अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरमध्ये निळीचा रंग करणाऱ्या निराळी समाजाची नोंद आहे. १८९७ मध्ये जर्मनीतील कृत्रिम नीळ बाजारात आल्यावर हिची लागवड मोडली. औषध व केशरंजन हे जुने उपयोग मात्र टिकले. आयुर्वेदात नीलिनी विरेचक मानली असून गुल्मावर नीलिन्यादी घृत सांगितले आहे. नीली, माका, आवळा इत्यादींच्या रसांत सिद्ध केलेल्या नीलीभृंगादी तेलाचा केस वाढविण्याबाबत लौकिक मोठा. आधुनिक पुरावा तोकडा. केस रंगविण्याची रीत अधिक भरवशाची आहे. प्रथम मेंदी लावून धुतात. मग वाळलेल्या पानांची पूड पाण्यात कालवून लवकरच लावतात. पानांत निळा रंग तयार नसतो. इंडिकन या द्रव्याचे पाण्यात विघटन होऊन हवेतील ऑक्सिजनामुळे तो बनतो. म्हणून फार वेळ भिजत ठेवलेली पूड निकामी होते. मेंदीच्या तांबड्यावर निळा चढून केस काळसर दिसतात. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मात्र पुष्कळदा पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन असते व त्याने त्वचेचा तीव्र दाह होऊ शकतो. कपड्यांची नीळ तर बहुधा अल्ट्रामरीन असते. तिचा या वनस्पतीशी नावापुरताच संबंध आहे.