दुसऱ्या नंबरचा घोडा

अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीचा विषय निघाला की एकच नाव येतं, सेक्रेटरिएट. नावाचा अर्थ सचिवालय. तेव्हा मुंबईतल्या आपल्या मंत्रालयालाही सचिवालयच म्हणत. साल 1973. आपल्याकडं बहात्तरच्या दुष्काळानं माणसं खडी फोडत होती, आणि तिकडं हा तांबडा घोडा डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही मोठ्या शर्यती मारत होता. पंचवीस वर्षांत ते कुणाला जमलं नव्हतं. त्याचे पुतळे झाले, सिनेमा झाला. पण त्याच साली त्याच्या मागं दुसरा एक घोडा जीव तोडून पळत होता. त्याचं नाव शॅम. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ढोंग. घोडा मात्र खणखणीत खरा.

शॅम केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मचा. फार्मचे मालक बुल हॅनकॉक 1972 मध्ये वारले आणि त्यांची शर्यतीची घोडी लिलावात निघाली. मालक गेला की दावणीचं काय होतं, हे कुठल्याही मुलखातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. सिग्मंड सॉमर नावाच्या माणसानं शॅमला दोन लाख डॉलरला घेतलं. त्याला तयार केलं पांचो मार्टिननं, आणि वर बसायचा लफित पिंकाय, नावाजलेला जॉकी.

सांता अनिता डर्बी शॅमनं जिंकली. मग एप्रिलात न्यूयॉर्कला वूड मेमोरियल झाली, तिथं या दोघांची पहिली गाठ पडली. पहिला आला अँगल लाइट, शॅम दुसरा आणि सेक्रेटरिएट तिसरा. त्याच्या तोंडात गळू झालं होतं म्हणतात, असेल. पण शॅम त्याच्या पुढं राहिला हे कागदावर आहे, आणि ते कुणी सांगत नाही.

5 मे, केंटकी डर्बी. सव्वा मैल, म्हणजे दहा फर्लांग. सुटायच्या वेळी शॅमचं तोंड फाटकाच्या लोखंडावर आपटलं आणि दोन दात निखळले. रक्ताळल्या तोंडानं तो पळाला. शेवटच्या वळणानंतर पुढं होता, तिथं सेक्रेटरिएटनं त्याला गाठलं आणि अडीच लांबीनं मारलं. वेळ लागली 1 मिनिट 59 सेकंद आणि वर दोन पंचमांश. दोन मिनिटांच्या आत ही डर्बी त्याआधी कुणीच पळालं नव्हतं. आता गंमत बघा. त्या काळी तिथं अधिकृत वेळ फक्त पहिल्याची लागायची. अडीच लांबीचा हिशेब घातला तर शॅमही दोन मिनिटांच्या आतच येतो. तिसरा घोडा त्याच्याही मागं आठ लांबी होता. म्हणजे दुसऱ्या कुठल्याही साली ही डर्बी बहुतेक शॅमचीच होती.

आमच्या पुणे भागात बैलगाडा घाटात एकटा पळतो, झुंज घड्याळाशी. दुसऱ्याची बारी कशीही होवो, तुमचे सेकंद तुमचेच राहतात. शॅमला तेवढं तरी मिळायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये पुन्हा तेच. अडीच लांबीनं दुसरा, तिसरा पुन्हा आठ लांबी मागं. मग 9 जूनला दीड मैलाची बेलमाँट. यावेळी शॅमला सुरुवातीपासूनच सेक्रेटरिएटच्या बरोबरीनं घातलं. दोघांनी पहिले सहा फर्लांग 1 मिनिट 10 सेकंदांच्या आत तोडले. एवढ्या लांब पल्ल्याला ही चाल म्हणजे जनावराची आतडी ओढून काढणं. शॅम फुटला. सेक्रेटरिएट एकटाच पुढं गेला आणि एकतीस लांबीनं जिंकला. पाच घोड्यांत शॅम पाचवा आला. लोकांना हेच चित्र आठवतं, आधीच्या दोन शर्यती नाहीत. माझ्या मते त्या दिवशी हरला तो डाव. सेक्रेटरिएटला मागून मारता येत नाही हे प्रीकनेसमध्ये दिसलं होतं, म्हणून बरोबरीनं पळवून बघितलं. मार्टिनला तरी दुसरा काय मार्ग होता? 2010 च्या सिनेमात मात्र याच मार्टिनला बढाईखोर खलनायक करून टाकलाय.

ती शॅमची शेवटची शर्यत. जुलैत सरावाच्या वेळी पायाच्या हाडाला बारीक चीर गेली आणि पळणं संपलं. एकूण 13 शर्यती, 5 जिंकल्या, 5 मध्ये दुसरा. पुढची वर्षं केंटकीतच वळू म्हणून गेली.

सेक्रेटरिएट 1989 मध्ये खुराच्या आजारानं गेला. तपासणाऱ्या पशुवैद्याला त्याचं काळीज अफाट मोठं दिसलं. पण ते तोललं नाही, 22 पौंड हा नुसता अंदाज. 1993 मध्ये शॅम गेला, वय 23. त्याचंही काळीज त्याच डॉक्टरनं बघितलं, आणि यावेळी वजन केलं. 18 पौंड भरलं, म्हणजे आठ किलोच्या वर. साधारण घोड्याचं चार किलोच्या आसपास असतं.