फिलिस एकटी होती : प्रेमभंगावरचा एक प्राचीन अभ्यासक्रम

१/ प्रेमभंगातून सावरणाऱ्या विद्यार्थ्यांना भावनांचे नियमन शिकवावे, हा विचार आजचा वाटतो. परंतु इसवी सनाच्या आरंभी रोमन कवी ओव्हिडने याच विषयावर 'रेमेडिया अमोरिस', म्हणजे 'प्रेमावरील उपाय', हे लॅटिन काव्य रचले.

२/ आधी प्रेम जिंकण्याची कला शिकवणाऱ्या या कवीने आता प्रेमात पोळलेल्या तरुणांना, तसेच तरुणींनाही, शिष्य म्हणून बोलावले. हेतू गंभीर होता : प्रेमापायी कोणी जीव देऊ नये.

३/ त्याचे धडे असे : दुखणे कोवळे असतानाच आवरावे. रिकामे बसू नये. शेती, शिकार, प्रवास यांत मन गुंतवावे. जुनी पत्रे जाळावीत. भेटीच्या जागा टाळाव्यात. प्रिय व्यक्तीचे दोष आठवावेत.

४/ २०१८ साली अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रेमभंग झालेल्या २४ जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दोष आठवल्याने प्रेम ओसरले, पण मन अधिक खिन्न झाले. लक्ष दुसरीकडे वळवल्याने मन हलके झाले, प्रेम मात्र तसेच राहिले.

५/ कडू मात्रेची मर्यादा ओव्हिडलाही ठाऊक होती. द्वेषाने प्रेम संपत नाही, ते हळूहळू विझू द्यावे, असे तो बजावतो.

६/ मात्र एका पथ्यावर तो ठाम आहे : एकांत टाळा, विश्वासू मित्र जवळ ठेवा. डेमोफोनची वाट पाहून जीव देणाऱ्या पुराणकथेतील फिलिसच्या मृत्यूचे कारण तो प्रेम सांगत नाही. तिच्या सोबतीला कोणी नव्हते, असे सांगतो.